केडीएम: कस सोन्याचा लागला, सोनाराच्या किडनीचा नाही

इतवारीच्या सराफा ओळीत अजूनही एखादं गिऱ्हाईक काउंटरवर विचारतं, "केडीएमचं आहे ना?" विचारणाऱ्याच्या मनात एवढंच असतं की सोनं चोख आहे ना, उद्या मोडीला आणलं तर घट फार लागणार नाही ना. पण केडीएम हे काही शुद्धतेच्या एखाद्या दर्जाचं नाव नव्हे. कॅडमियम नावाच्या धातूचं बाजारात घासून घासून उरलेलं ते टोपणनाव आहे. किडनीवर संशोधन करणाऱ्या कुणाहीसमोर कॅडमियम म्हणा, तो आधी दचकेल. गिऱ्हाईक मात्र तोच शब्द खात्रीसाठी वापरतं.

या पोस्टमध्ये मला या विरोधाभासामागच्या मोजमापांवर टीका करायची आहे. केडीएमच्या सगळ्या कथेत सोनं पुन्हा पुन्हा आणि फार बारकाईने मोजलं गेलं. ते जोडणारा कारागीर मोजला गेला नाही, आणि जिथे मोजायचा प्रयत्न होतो तिथे बहुतेक वेळा चुकीची गोष्ट मोजली जाते. पण आधी सोनाराचा हिशेब समजून घेऊ, कारण तो अगदी तर्कशुद्ध आहे.

दागिना एका तुकड्याचा क्वचितच असतो. कड्या, तारा, पत्र्याची फुलं, मण्यांच्या टोप्या हे सगळं एकमेकांना जोडायला डाख लागतो. कोणी त्याला टाका म्हणतं. डाखाची अट एकच: तो दागिन्याच्या सोन्याच्या आधी वितळला पाहिजे, नाहीतर जोड बसायच्या ऐवजी दागिनाच वितळून बसायचा. जुन्या पद्धतीत सोन्यात तांबं किंवा चांदी बरीच मिसळून हा वितळबिंदू खाली आणत. त्यात डाखामध्ये सोनं साधारण ६० टक्के आणि बाकीचं हिणकस. जोड थोडे असतील तर चालून जातं. पण नाजूक जाळीकामाच्या दागिन्यात जोडच जोड असतात. असा दागिना आटवला की कस खाली येतो, आणि २२ कॅरेट म्हणून विकलेलं सोनं तेवढं भरत नाही.

कॅडमियमने हा पेच सोडवला. ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम असा डाख केला की तो सहज वाहतो, आणि त्याचा स्वतःचा कस दागिन्याएवढाच राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट तापमानाची. कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि साधारण ७६७ अंशांना उकळतं. शुद्ध सोनं वितळतं १०६४ अंशांना. म्हणजे फुंकणीची ज्योत डाखाला वितळवते त्याच वेळी त्यातल्या कॅडमियमची वाफ होत असते. जोड बसला, वाफ निघून गेली, मागे राहिलं ते जवळजवळ निव्वळ सोनं. सराफाच्या दृष्टीने ही शुद्धता. पण दागिन्यातून जे वजा झालं ते कुठे ना कुठे जमा झालं असणार, आणि फुंकणी तोंडात धरून बसलेल्या माणसाचं नाक त्या जागेपासून वीतभर अंतरावर असतं.

किती जमा झालं, याचा एक ढोबळ हिशेब मांडू. एक ग्रॅम केडीएम डाखात ८० मिलिग्रॅम कॅडमियम असतं. कारागिराची खोली १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच धरली तर तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. अमेरिकेच्या 'ओशा' या कामगार सुरक्षा यंत्रणेने १९९२ मध्ये कॅडमियमसाठी जी मर्यादा घातली ती आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे आपल्या खोलीत एकूण १४० मायक्रोग्रॅम, ०.१४ मिलिग्रॅम. एका ग्रॅम डाखातल्या कॅडमियमच्या हजार भागांपैकी दोन भागसुद्धा हवेत तरंगत राहिले नाहीत तरी बंद खोलीतली पातळी या आकड्याला जाऊन टेकते. खरी खोली पूर्ण बंद नसते, वाफेचा काही भाग भिंतीवर, छतावर बसतो, मर्यादा आठ तासांच्या सरासरीची आहे. हे सगळं मान्य. पण हिशेब किती काठावरचा आहे हे कळायला एवढं पुरे. आणि सोनाराची खोली उघडी असायची शक्यताही कमीच. पंखा लावला तर ज्योत हलते आणि सोन्याचा कीस उडतो. दार उघडं ठेवलं तर चोरीची भीती. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याशिवाय, ज्योतीसमोर, दार लावून काम. बसून पाहा तासभर!

भारतातली कायदेशीर मर्यादा काय होती? कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत कॅडमियमची धूळ आणि क्षार यांच्यासाठी दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम असा आकडा होता. अमेरिकेच्या दहापट. हा आकडा ज्या काळातल्या समजुतीवर बेतलेला आहे, ती समजूत जगाने मागे टाकून तीसेक वर्षं झाली. पण खरं सांगायचं तर आपल्या कारागिराला ५० काय आणि ५ काय. चार-सहा जणांच्या खोलीत हवा मोजायला कोणी येतच नाही. त्याकडे पुढे येते.

इथे एका गोष्टीची नोंद करायचा मोह आवरत नाही. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा फेकला जात नाही. झारेकरी तो विकत घेतात, धुतात, गाळतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. हातरुमाल, बसायच्या गाद्या, नालीतला गाळ, काही म्हणजे काही सुटत नाही. वितळताना कमी भरलेल्या वजनाला सराफी हिशेबात घट म्हणतात, आणि घटीचाही मिलिग्रॅममध्ये जमाखर्च राहतो. एवढ्या काटेकोर धंद्यात हवेत गेलेल्या कॅडमियमचा रकाना मात्र कुठल्याच वहीत नाही. (त्या केरात कॅडमियम ऑक्साईडची धूळही असते. झारेकऱ्यांची किडनी हा एक स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे, कुणाला हवा असेल तर घ्या.)

आता शरीरात काय होतं ते. कॅडमियमची वाफ हवेत येताच ऑक्सिजनशी संयोग पावून अतिसूक्ष्म कणांचा धूर होतो. पोटातून कॅडमियम फारसं शोषलं जात नाही, साधारण ५ टक्के. फुफ्फुसातून मात्र, कणांच्या आकाराप्रमाणे, १० पासून ५० टक्क्यांपर्यंत रक्तात जाऊ शकतं. रक्तातून ते यकृतात पोचतं. तिथे मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन त्याला कवटाळून निरुपद्रवी करून टाकतं. ही जोडी हळूहळू पुन्हा रक्तात येते, आकाराने लहान असल्यामुळे किडनीच्या गाळणीतून सहज आरपार जाते, आणि गाळणीच्या पुढच्या नलिकेत पोचते.

ही नलिका म्हणजे किडनीतली काटकसरी गृहिणी. गाळणीतून चुकून खाली आलेली कामाची प्रथिनं, साखर, क्षार ती परत उचलून घेते. मेटॅलोथायोनिनही ती प्रथिन म्हणून उचलते, आत नेऊन त्याचे तुकडे करते, आणि मग आतलं कॅडमियम मोकळं सुटतं. शरीराकडे ते बाहेर काढायचा धड मार्ग नाही. किडनीतलं निम्मं कॅडमियम जायला १० ते ३० वर्षं लागतात. विशीत डाख लावायला बसलेल्या पोराच्या किडनीत चाळिशीपर्यंत जे साठतं त्याचा मोठा हिस्सा, त्याने धंदा सोडला तरी, साठीपर्यंत तिथेच मुक्कामाला असतो. साठा एका पातळीच्या वर गेला की नलिकेच्या पेशींचं काम बिघडतं आणि ज्या गोष्टी परत उचलायच्या त्या लघवीतून वाहून जायला लागतात. त्यात कॅल्शियमही असतं, म्हणून पुढे हाडं ठिसूळ होतात. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भाताच्या शेतात उतरलं, तिथल्या बायकांच्या हाडांना जो भयंकर रोग झाला त्याचं नाव इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. जपान सरकारने १९६८ मध्ये त्याला प्रदूषणाचा रोग म्हणून मान्यता दिली. तिथे कॅडमियम पोटातून गेलं होतं. सोनाराच्या बाबतीत ते नाकातून जातं, पण किडनीतली जागा तीच.

इथे माझ्या टीकेचा मुख्य मुद्दा येतो. नलिका आधी बिघडते, गाळणी बऱ्याच उशिरा. आपली नेहमीची तपासणी कशाची असते? गाळणीची.

कुठल्याही आरोग्य शिबिरात 'किडनी फंक्शन' म्हणून जे होतं ते रक्तातलं क्रिएटिनिन. गाळणीची क्षमता जवळपास निम्मी संपेपर्यंत हा आकडा प्रयोगशाळेच्या 'नॉर्मल' चौकटीतच राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. दिवसभर पाटाशी वाकून बसणारा, अंगावर मांस नसलेला कारागीर असेल तर त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी, म्हणजे बिघाड आणखी उशिरा दिसणार. दुसरी तपासणी लघवीत पट्टी बुडवायची. ती पट्टी रंग बदलते प्रामुख्याने अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला. कॅडमियमच्या बिघाडात सुरुवातीला जी प्रथिनं गळतात ती छोटी असतात आणि पट्टीला त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणून शिबिर होतं, फोटो निघतात, अहवालावर 'विथिन नॉर्मल लिमिट्स' येतं, आणि कारागीर उद्या सकाळी त्याच पाटावर. अशा अहवालाने काही सिद्ध होत नाही एवढंच असतं तर चाललं असतं. पण तो कागद पुढे पुरावा म्हणून वापरला जातो: तपासलं होतं, काही निघालं नाही.

आणि हे ज्ञान नवीन आहे म्हणून माफ करावं, असंही नाही. स्वीडनचे लार्स फ्रिबेरी यांनी बॅटरी कारखान्यातल्या कामगारांवरचं आपलं काम १९५० मध्ये प्रसिद्ध केलं. कॅडमियमच्या धुळीत वर्षानुवर्षं राबलेल्या त्या कामगारांच्या लघवीत प्रथिन सापडलं, आणि ते नेहमीच्या अल्ब्युमिनसारखं वागत नव्हतं. १९६८ मध्ये बेर्गोर्ड आणि बेर्न या दोघांनी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे छोटं प्रथिन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते मिळवण्यासाठी त्यांनी ज्या रुग्णांची लघवी वापरली त्यांत जुनाट कॅडमियम विषबाधेचे रुग्ण होते. म्हणजे कॅडमियमने किडनीतून बाहेर ढकललेल्या पदार्थातूनच त्याची खूण सापडली. निरोगी नलिका हे प्रथिन ९९.९ टक्क्यांहून जास्त परत उचलते. लघवीत ते दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३०० मायक्रोग्रॅमच्या वर दिसलं की सावध व्हायचं. ओशाच्या १९९२ च्या नियमांत तीन तपासण्या सांगितल्या आहेत: लघवीतलं कॅडमियम, रक्तातलं कॅडमियम आणि लघवीतलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. पहिली साठा सांगते, दुसरी अलीकडचा संपर्क, तिसरी बिघाड.

२००२ मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज' या नियतकालिकात विटमन आणि हू यांनी एकाच रुग्णावर लिहिलेला पेपर आहे. दागिने बनवण्याच्या उद्योगात कॅडमियमशी संबंध आलेली २८ वर्षांची बाई. तक्रार काय तर डाव्या कुशीत दुखणं आणि लघवीला फार होणं. काम केलेलं सुमारे तीनच वर्षं. रक्तात कॅडमियम वाढलेलं, लघवीत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वाढलेलं. एका रुग्णावरून सगळ्या धंद्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तरी हा पेपर मला महत्त्वाचा वाटतो, कारण डॉक्टरांनी 'काय काम करतेस?' हा प्रश्न विचारला आणि उत्तराप्रमाणे तपासण्या निवडल्या. कुशीत दुखतंय म्हणून आपल्याकडे खडा शोधला जातो, आणि खडा नसला की 'पाणी जास्त प्या'.

भारतातलं काम बघायचं तर मोईत्रा, ब्लँक आणि साहू यांचा २०१३ चा 'थोरॅक्स'मधला पेपर घ्यावा लागेल. बंगालमधल्या छोट्या दागिने कार्यशाळांतल्या कारागिरांवर तो आहे. चांगला पेपर आहे. ज्या खोल्यांत जायची कुणी तसदी घेत नाही तिथे ही मंडळी गेली, तुलनेसाठी गट घेतला, लघवीतलं कॅडमियम मोजलं आणि त्याचा संबंध श्वसनाच्या तक्रारींशी व फुफ्फुसाच्या क्षमतेशी लावून दाखवला. पण प्रश्न फुफ्फुसांचा होता. माझी तक्रार लेखकांवर नाही. प्रत्येक अभ्यासाला आपली सीमा आखावीच लागते. तक्रार ही की लघवीचा नमुना हातात येण्याएवढा विश्वास जेव्हा एखाद्या गल्लीत मिळतो तेव्हा त्याच नमुन्यातून नलिकेची खूण मोजणं हा फार तर एका किटचा खर्च असतो. तो विश्वास पुन्हा मिळवायला मात्र वर्षं जातात.

समजा असा अभ्यास उद्या इतवारीत करायचा ठरला. बाहेरच्या पेपरमधली पद्धत जशीच्या तशी उचलली तर काय होईल? माझ्या मते तीन ठिकाणी पाय घसरेल.

पहिलं ऊन. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनची एक खोड आहे: लघवी आम्लधर्मी असेल, सामू साडेपाच-सहाच्या खाली असेल, तर ते मूत्राशयातच विरघळून नाहीसं होतं. घामाघूम होऊन बसलेल्या, पाणी कमी प्यालेल्या माणसाची लघवी घट्ट आणि आम्लधर्मी असते. म्हणजे नागपुरात ४५ अंशांच्या दुपारी नमुने घेतले तर ज्यांची नलिका खरंच गळतेय त्यांचाही अहवाल छान येऊ शकतो! त्यासाठी रेटिनॉल-बाइंडिंग प्रोटीन किंवा अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन यांसारखी आम्लात टिकणारी खूण सोबत मोजायला हवी. उलट बाजूने, ऊन आणि पाणी तोडणं हे स्वतःच किडनीला त्रास देतं. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोरच्या ऊसतोड मजुरांच्या किडनीच्या आजारावर चाललेल्या चर्चेत उष्णतेचं नाव सगळ्यात पुढे आहे. मग इतवारीत बिघाड सापडला तर तो ज्योतीच्या उष्णतेचा की ज्योतीतल्या धुराचा? हे वेगळं करायचं असेल तर तुलनेचा गट काउंटरवर एसीत बसणाऱ्या सेल्समनचा घेऊन भागणार नाही. धूर नसलेल्या पण तेवढ्याच उष्णतेत बसणाऱ्या लोकांचा घ्यावा लागेल: भट्टीवरचे हलवाई, इस्त्रीवाले.

दुसरं तंबाखू. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं, म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातला साठा न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो. बाहेरच्या प्रश्नावलीत रकाना असतो 'धूम्रपान: हो / नाही'. आमच्याकडे? खर्रा. गालात खर्रा असलेला माणूस निर्मळ मनाने 'नाही' वर खूण करेल. चघळण्यातून कॅडमियम धुराएवढं शोषलं जात नाही, पण किती जातं हे गृहीत धरण्यापेक्षा रकाना घातलेला बरा.

तिसरं म्हणजे सापडणारी माणसं. आज पाटावर बसलेला कारागीर हा टिकून राहिलेला कारागीर आहे. दम लागायला लागला, कंबर धरली, तो केव्हाच गावी गेला. सराफा बाजारांतले बरेच कारागीर बंगालचे. पश्चिम मेदिनीपूरच्या घाटाल-दासपूर भागातून माणसं या कामासाठी देशभर जातात. आजारी माणूस नागपूरच्या मेडिकलमध्ये नाही, घाटालच्या एखाद्या दवाखान्यात भेटेल, आणि तिथल्या केसपेपरवर त्याचा धंदा 'शेती' असा लिहिलेला असेल. फक्त हजर असलेल्यांना मोजून 'धंदा सुरक्षित' म्हणणं ही व्यावसायिक आरोग्यशास्त्रातली सगळ्यात जुनी फसगत आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. कॅडमियम आणि किडनीच्या संशोधनातही अतिशयोक्ती झालेली आहे. बेल्जियमच्या आल्फ्रेड बर्नार्ड यांच्या गटाने दाखवलं की अगदी कमी पातळीवर लघवीतलं कॅडमियम आणि लघवीतली छोटी प्रथिनं यांचं जे नातं दिसतं त्याचा बराच भाग शरीराच्या रोजच्या चढउताराचा असू शकतो. दोन्ही एकाच वाटेने बाहेर पडतात, म्हणून सोबत वाढतात, सोबत घटतात. नातं दिसलं म्हणजे इजा झाली असं होत नाही. मला हा आक्षेप पटतो. म्हणूनच सामान्य नागरिकांच्या लघवीतल्या चिमूटभर कॅडमियमवर जे घाबरवणारे मथळे येतात त्यांच्याकडे मी सावधपणे बघते. पण हा वाद तळाच्या पातळीवरचा आहे. फुंकणीखालच्या माणसाच्या पातळीवर वाद नाही. कमी पातळीवरची अनिश्चितता उचलून जास्त पातळीच्या लोकांना लावायची आणि 'अजून संशोधन हवं' म्हणायचं, ही चलाखी मात्र ओळखता आली पाहिजे.

आता कायदा. गंमत म्हणजे कागदावर किडनी आहे. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवायलाच हवेत अशा २९ रोगांची यादी होती. पहिली नोंद शिशाच्या विषबाधेची. अगदी शेवटची, एकोणतिसावी, विषारी द्रव्याने होणाऱ्या मूत्रपिंडदाहाची. कलम ८९ प्रमाणे असा रोगी तपासणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचं असे, नाही कळवलं तर हजार रुपयांपर्यंत दंड होता. भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत तर कॅडमियमने होणाऱ्या रोगांची नावानिशी नोंद होती. सलग सहा महिने त्या कामावर असल्याचं दिसलं की रोग कामामुळेच झाला असं धरायचं. ऐकायला उत्तम. पण कारखाना म्हणजे विजेवर चालणारा असेल तर किमान १० कामगार, नसेल तर २०. २०२० च्या संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले. आपली खोली चार-सहा जणांची. आणि भरपाई मागायला मालक लागतो. इथे सराफ सोनं देतो, ग्रॅममागे मजुरी देतो, घट कापतो. कारागीर कुणाचा नोकर हे विचारलं तर तिघे तीन दिशांना बोट दाखवतील.

नागपूरला व्यावसायिक आरोग्य हा विषय परका नाही. खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था इथे होती आणि २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. धूळ मोजणं, कामगारांची तपासणी करणं याची विद्या शहरात आहे. ती वाडीच्या पलीकडून इतवारीत यायला अंतर फार नाही.

हॉलमार्कने प्रश्न सुटला नाही का, असं कुणी विचारेल. काही अंशी सुटला. भारतीय मानक ब्युरोने २००० मध्ये सोन्याचं हॉलमार्किंग सुरू केलं, हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियमच्या डाखाला जागा ठेवली नाही, आणि १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. कॅडमियमच्या जागी जस्त वगैरे मिसळलेले डाख आले. ही चांगलीच गोष्ट. पण पाहा, तपासणी कुठे होते? तयार दागिन्यावर, तपासणी केंद्रात. आणि कॅडमियमचा गुण कोणता होता? काम झालं की बऱ्याच अंशी उडून जायचं. दागिना जितका स्वच्छ निघेल तितकं जास्त हवेत गेलेलं असेल. गिऱ्हाईकाला संरक्षण देणारी तपासणी कारागिराच्या बाबतीत उलट्या टोकाला उभी आहे. कारागिरासाठी तपासणी हवी ती खोलीच्या हवेची, डाखाच्या तुकड्याची आणि लघवीची.

शिवाय जुना साठा. १९९५ ते २०१० या काळात केडीएमवर बसलेला माणूस आज पन्नाशीत असेल. किडनीत साठलेलं कॅडमियम बाहेर काढणारं खात्रीचं औषध नाही. संपर्क लवकर थांबला तर नलिकेचा सौम्य दोष सुधारू शकतो, पुढे गेलेला सुधारत नाही. त्या माणसाला डायबेटिस असेल, रक्तदाब असेल, गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळी चालू असेल, तर त्याच्या डॉक्टरला निदान हे ठाऊक हवं की या किडनीला आधीच एक खोक पडलेली आहे. केसपेपरवर 'धंदा: सोनारकाम, डाखाचं काम, इतकी वर्षं' एवढी एक ओळ लिहायला पैसे लागत नाहीत.

आणि सोन्यावरून नजर जरा बाजूला वळवू. चांदीच्या डाखातही कॅडमियम वापरता येतं, आणि चांदीचा हॉलमार्क ऐच्छिक आहे. औद्योगिक जोडकामात एक प्रसिद्ध मिश्रधातू आहे: ४५ टक्के चांदी, १५ टक्के तांबं, १६ टक्के जस्त आणि २४ टक्के कॅडमियम. केडीएमच्या तिप्पट. युरोपीय संघाने २०११ मध्ये अशा कॅडमियमयुक्त जोड-कांड्यांवर बंदी घातली. फ्रिज-एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडायला चांदीच्या कांड्या वापरतात. त्या कांडीत काय आहे हे पाकिटावर छापलेलं असतं किंवा नसतं. नागपुरात एसी दुरुस्त करणारी पोरं मार्च ते जून या चार महिन्यांत गच्चीवर, गॅलरीत, कधी बंद बेडरूममध्ये टॉर्च पेटवून बसतात. आपल्या घरी येईल तेव्हा कांडीचं पाकीट बघायला मागा.